हेलिकॉप्टर सगळ्यात शेवटी घ्या

माझं पहिलं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर चार सेकंद उडालं. उडालं म्हणणंही कौतुकाचंच. टी-रेक्स ४५० नावाचं मॉडेल, जुनं, ओळखीतून मिळालेलं. सोबत रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट), दोन बॅटऱ्या आणि ‘सगळं सेट करून दिलंय, फक्त उडवायचं’ एवढं आश्वासन. मोहदरी घाट चढून सिन्नरच्या अलीकडे ओळखीतल्या एका शेतकरीदादांचं रान आहे, सोयाबीन निघून गेलेलं. तिथे नेऊन ठेवलं, थ्रॉटल वर केला. ते हातभर उचललं आणि जागच्या जागी भिंगरीसारखं गरगरायला लागलं. मी काय करायला हवं होतं ते आता झोपेतही सांगेन, पण तेव्हा मी नुसता रेडिओची काडी घट्ट धरून उभा होतो. पाती ढेकळांना लागली, शेपटीची नळी वाकली आणि एक पातं बाभळीखाली जाऊन पडलं. मी पावलं मोजली. तीस भरली.

शेतकरीदादा बांधावरून बघत होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, “काय भाऊ, फवारणीचं होतं का?”

कारण घरी गेल्यावर सापडलं. शेपटीचा जायरो, म्हणजे वळणं ओळखून सावरणारा सेन्सर, उलटा लागलेला होता. नाक डावीकडे वळलं की जायरोने ते उजवीकडे ओढायचं असतं; माझा त्याला आणखी डावीकडे ढकलत होता. दहा सेकंदांच्या तपासणीत हे जमिनीवरच कळतं. ती तपासणी पुढे येईल. पण जायरो बरोबर असता तरी मी फार तर दहा सेकंद टिकलो असतो, कारण हाताला काहीच येत नव्हतं. यंत्र आधी आलं आणि हात नंतर तयार करायला घेतले, हा माझा खरा घोळ.

म्हणून कोणी विचारलं की मी खरेदीचा क्रम आधी सांगतो. पहिल्यांदा रेडिओ घ्या. मग सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर हेली उडवायचा सराव. मग एखादं छोटं हेली, जे पडलं तरी तुम्ही हसू शकाल. ४५० वगैरे सगळ्यात शेवटी. दुकानदार तुम्हाला उलटा क्रम सांगतील, त्यांचंही पोट आहे.

ड्रोन उडवलाय म्हणून हे जमेल असं नाही

आमच्या कंपनीच्या टूलरूममधला एक पोरगा लग्नात ड्रोनने शूटिंग करतो. तो म्हणाला, “काका, द्या की एकदा, मला सवय आहे.” मी सिम्युलेटरवर दिलं. अकरा वेळा पडलं, मग त्याने चहा मागवला.

त्याचा दोष नाही. त्याच्या ड्रोनच्या काड्या सोडल्या की ड्रोन जीपीएसवर जागेला खिळून राहतो. हेलिकॉप्टरच्या काड्या सोडल्या तर ते सरळ होत नाही. जेवढं कललंय तेवढंच कललेलं राहतं आणि त्या बाजूला वेग घेत जातं. त्याला थांबवायचं तर आधी सरळ करून मग उलट्या बाजूला तेवढंच कलवावं लागतं, आणि थांबलं की पुन्हा सरळ करावं लागतं. म्हणजे एका चुकीला तीन हालचाली. हे सतत चालू. होव्हर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, लांबून बघणाऱ्याला स्वस्थ उभं राहणं वाटतं. प्रत्यक्षात ते तळहातावर उभी काठी तोलण्यासारखं आहे. काठी स्थिर दिसते, पण हात क्षणभर थांबत नाही.

यंत्र समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. वरचं मोठं चक्र उचलतं. चक्र एका दिशेला फिरतं म्हणून धड उलट्या दिशेला फिरू पाहतं. त्याला धरून ठेवायला शेपटीचा छोटा पंखा. बहुतेक मॉडेल हेलींचं चक्र वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. गंमत म्हणजे मी नाशिक रोडला राहतो तिथून गांधीनगरच्या तळावरची लष्कराची चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं जातात, त्यांचंही चक्र तसंच फिरतं, कारण दोन्ही मूळची फ्रेंच घडणीची. अशा हेलीत शेपटीचा पंखा धडाला जरासा डावीकडे ढकलत असतो. म्हणून होव्हरमध्ये तुमचं हेली किंचित उजवीकडे कललेलं दिसेल. पहिल्यांदा वाटतं काहीतरी वाकडं लागलंय. नाही. ते तसंच असतं. रेडिओवरच्या ट्रिमच्या बटणांनी सरळ करायला जाऊ नका.

पुढे-मागे, डावी-उजवी जायचं काम स्वॉशप्लेट करते: चक्राखालची ती गोल चकती. तीन सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी, तिला कलवतात, आणि ती कलली की फिरताना प्रत्येक पात्याचा कोन एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. पूर्ण चकती वर-खाली सरकली की दोन्ही पात्यांचा कोन एकदम बदलतो आणि हेली चढतं किंवा उतरतं. याला कलेक्टिव्ह पिच म्हणतात. खेळण्यातल्या स्वस्त हेलींना ते नसतं. तिथे पात्याचा एकंदर कोन पक्का असतो आणि मोटर जोरात फिरवली की वर जातं. त्याला फिक्स्ड पिच म्हणतात. आणि एकावर एक दोन चक्रं उलट्या दिशेने फिरणारं, ते कोअ‍ॅक्सियल. ते आपोआप स्थिर राहतं. भाच्याला वाढदिवसाला द्यायला छान आहे. तुम्हाला ते काही शिकवणार नाही.

रेडिओ

रेडिओवर पैसे वाचवू नका, कारण हेली बदलत राहतील, रेडिओ राहील. मोड २ घ्या. डाव्या काडीवर थ्रॉटल-पिच आणि शेपटी, उजव्या काडीवर पुढे-मागे आणि डावी-उजवी. मोड १ मध्ये हे वेगळं विभागलेलं असतं आणि तेही उत्तम चालतं, पण आपल्याकडे शेजारी उभं राहून मदत करणारा माणूस बहुधा मोड २ वालाच मिळतो.

फ्लायस्काय आय६ वर शिकलेले लोक माझ्या माहितीत आहेत. मी स्वतः रेडिओमास्टर वापरतो. एजटीएक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो, एकाच रेडिओला अनेक कंपन्यांच्या हेली जोडता येतात, आणि यूएसबीची वायर लावली की संगणकाला तो जॉयस्टिक म्हणून दिसतो. व्हिडिओ गेमच्या गेमपॅडवर सराव करू नका. त्याची डावी काडी सोडली की मध्ये परत येते. हेलीच्या रेडिओची डावी काडी वर-खाली जिथे ठेवाल तिथे राहते. बोटाला चुकीची सवय लागली की ती काढायला दुप्पट वेळ जातो.

रेडिओ हातात आल्यावर पहिलं काम: एका बटणावर थ्रॉटल होल्ड लावून घ्या. हे बटण पाडलं की मोटर बंद, काडी कुठेही असो. ते अशा जागी हवं की काडी न सोडता बोट पोचेल. माझं डाव्या हाताच्या तर्जनीखाली आहे.

सिम्युलेटर, म्हणजे खरी शाळा

रिअलफ्लाइट, हेली-एक्स, नेक्स्ट, यांपैकी कुठलंही चालेल. साधा लॅपटॉप पुरतो. एकाने मला विचारलं, “गेम खेळून कुठे उडवता येतं?” त्याला सांगितलं, गेममध्ये पात्याला पैसे पडत नाहीत.

मी रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं बसायचो. जास्त नाही. अर्ध्या तासानंतर हात शिकायचे थांबतात आणि चिडचिड शिकतात. तीस तास भरेपर्यंत खरं हेली उडवायचं नाही असं मी ठरवलं होतं. दिवसाला वीस मिनिटं म्हणजे तीन महिने. त्या तीन महिन्यांत बायको म्हणायची, “एवढा वेळ अंगणात उभं राहून झाडांना पाणी घातलं असतं तर...” बरोबरच होतं तिचं. पण त्या काळात खरं हेली तुटल्याचा खर्च शून्य.

सरावाचा क्रम. पहिल्यांदा शेपटी तुमच्याकडे ठेवून होव्हर. यात डावं ते डावंच आणि उजवं ते उजवंच. डोळ्यांच्या उंचीला, तीन बाय तीन मीटरच्या चौकोनात, एक पूर्ण बॅटरी संपेपर्यंत. चौकोन सोडला की पुन्हा पहिल्यापासून. हे जमेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. नवशिक्याची चूक ठरलेली असते: काडी उशिरा हलवायची आणि मग जास्त हलवायची. हेली उजवीकडे सरकलेलं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. ते उजवीकडे कललेलं दिसलं की लगेच, अगदी थोडं. डोळा हेलीच्या जागेवर नको, चक्राच्या कलण्यावर हवा.

मग शेपटी थोडी डावीकडे वळवून होव्हर, थोडी उजवीकडे वळवून होव्हर. मग पूर्ण आडवं. आणि शेवटी नाक तुमच्याकडे. इथे सगळं उलटं होतं. आरशात बघून कात्रीने मिशी कापताना हात जसा भलतीकडे जातो, अगदी तसं. यावर एक जुनी युक्ती आहे: नाक समोर असताना हेली ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला काडी न्या, जणू पडत्या बाजूला टेकू लावताय. काही दिवस हे मनात म्हणावं लागतं, मग हात स्वतःच करतो.

आणि सिममध्ये जेव्हा जेव्हा पडेल, तेव्हा तेव्हा होल्डचं बटण पाडायचं. रीसेटच्या आधी. दर वेळी. हे वेड्यासारखं वाटतं, पण खऱ्या रानात हेली जमिनीवर आपटल्यावर मोटर फिरतच राहते. पाती अडकलेली, मोटर जोर लावतेय: मेन गिअरचे दात जातात, मोटरचा स्पीड कंट्रोलर जळतो. शंभर रुपयांत भागलं असतं ते हजारांवर जातं. माझ्या त्या चार सेकंदांत पहिल्या दोन सेकंदांनी पातं मोडलं. बाकी सगळं पुढच्या दोन सेकंदांनी मोडलं, कारण मी होल्ड पाडलं नाही.

कुठलं हेली

सिम झाल्यावर दोन वाटा आहेत. डब्ल्यूएलटॉइज व्ही९११ सारखं फिक्स्ड पिच घ्या आणि हॉलमध्ये पंखा बंद करून संध्याकाळी उडवा. तळहातावर मावतं, सोफ्याखाली गेलं तरी काही होत नाही. याचा फायदा असा की भीती जाते. किंवा सिमवर नाक समोर घेऊन होव्हर जमत असेल तर थेट छोटं कलेक्टिव्ह पिच घ्या: एक्सके के११० किंवा त्याहून थोडं मोठं, ओएमपी हॉबी एम२ च्या वर्गातलं. एम२ मध्ये मुख्य चक्राला आणि शेपटीला वेगवेगळ्या मोटरी थेट लागलेल्या आहेत, मध्ये गिअर नाहीत, त्यामुळे पडल्यावर तुटायला कमी भाग. चक्राचा व्यास साधारण ४० सेंटीमीटर, मोकळ्या रानात नीट दिसतं, वाऱ्याला जरा दाद देत नाही.

यांच्यावर सहसा उडवण्याचे दोन प्रकार असतात: एक आपोआप सरळ होणारा, जायरोच्या मदतीने, आणि एक न होणारा. पहिल्या दिवशी मदत चालू ठेवा, लाज वाटून घेऊ नका. पण दोन-तीन आठवड्यांनी बंद करा, नाहीतर सिमवरचे तीस तास पाण्यात जातील. काहींना रेस्क्यूचं बटण असतं, दाबलं की हेली सरळ होऊन वर जातं. ते ठेवाच. पण जमिनीपासून पुरेशी उंची असेल तरच ते वाचवतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर घाबरून दाबलंत तर देवही वाचवणार नाही.

पूर्ण जोडलेलं यंत्र परदेशातून मागवायच्या फंदात पडू नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि रिमोटवर उडणारी वस्तू दिसली की पार्सल अडकायला तेवढं कारण पुरतं. इथल्या हॉबीच्या दुकानांतून घ्या. घेतानाच विचारा: पाती, फेदरिंग शाफ्ट (पाती धरणारा आडवा दांडा), मेन शाफ्ट (चक्राचा उभा दांडा), शेपटीची नळी, लँडिंग स्किड (खालचे पाय), हे पाच भाग तुमच्याकडे आत्ता आहेत का? ‘मागवून देऊ’ म्हणाले तर दुसरं हेली बघा. या छंदात माणूस हेली विकत घेत नाही, सुटे भाग विकत घेतो. पहिल्या वर्षात माझा भागांवरचा खर्च हेलीच्या किमतीच्या पुढे गेला होता.

बॅटरी

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं गणित पाठ असायला हवं. एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२, ठेवून द्यायची असेल तर ३.८. उडवून झाल्यावर विसावलेल्या सेलचं ३.७ च्या खाली जाऊ देऊ नका. ३ च्या खाली गेली की ती बॅटरी गेली समजा. चार्जिंग १सी ने, म्हणजे क्षमतेएवढ्याच करंटने: २२०० एमएएचची असेल तर २.२ अँपिअर, ६५० ची असेल तर ०.६५. सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची छोटी वायर लावूनच. घाई असली तरी.

वेळ किती मिळतो ते पाकिटावर वाचू नका. पहिल्यांदा रेडिओवर तीन मिनिटांचा टायमर लावा, उडवा, उतरवा, आणि चार्जर किती एमएएच परत भरतो ते बघा. ६५० च्या बॅटरीत ५२० च्या पुढे जायचं नाही, म्हणजे ऐंशी टक्के. तीन मिनिटांत ३९० च गेले तर टायमर चार मिनिटांचा करा. हिशेब एवढाच.

चार्जिंगच्या वेळी तिथेच बसायचं. मी ओट्यावर नाही, जिन्याखाली फरशीवर, मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवून करतो, बाजूला वाळूची बादली. एकाने प्रेशर कुकर सुचवला होता. झाकण लावलेल्या भांड्यात लिपो कधीच नाही. गॅस कोंडला की बॉम्बच. फुगलेली बॅटरी ‘अजून एकदा’ वापरायची नाही. आणि एप्रिल-मे मध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवून चहा प्यायला जायचं नाही, हे मला एकदाच शिकावं लागलं. उलट डिसेंबरच्या पहाटे सिन्नरला सात वाजता हवा इतकी गार असते की बॅटरी मरगळते. तेव्हा ती स्वेटरच्या आतल्या खिशात.

जागा आणि नियम

तुमच्या घराजवळची जागा बहुधा चालणार नाही. माझ्या घराजवळ लष्कराचा विमानतळ आहे, म्हणून नाशिक रोडला उडवणं बादच. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा. लाल, पिवळा आणि हिरवा असे पट्टे दिसतील. ‘ड्रोन नियम २०२१’ मध्ये दूरनियंत्रित हेलिकॉप्टरही येतं, फक्त चार पंख्यांचे ड्रोन नाहीत. वजनाने २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. धंद्यासाठी नसेल तर या दोन्हींना पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. करमणुकीसाठी, डोळ्यांसमोर उडवलेलं, २५ किलोच्या आतलं मॉडेल टाइप सर्टिफिकेटमधूनही (यंत्राच्या नमुन्याच्या मान्यतेतून) सुटतं. नोंदणीचं पोर्टलवर वाचून घ्या, हे नियम बदलत आलेत. मुंबईत आणि इतर शहरांत पोलीस अधूनमधून मनाई आदेश काढतात, त्यात रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंचं नाव असतं. सणासुदीच्या आधी पेपर बघत जा.

जागेच्या मालकाला विचारा. माझे शेतकरीदादा आता इतके तयार झालेत की ‘आज वारा आहे, नका लावू’ असं फोनवर सांगतात. पीक निघालेलं, वखरलेलं रान सगळ्यात बरं. ढेकळांवर पडलेलं हेली फरशीवर पडल्यापेक्षा कमी मोडतं. पण उडायला सपाट जागा हवी. मी निवडणुकीनंतर उतरवलेला एक फ्लेक्स अंथरतो आणि कडांना सळईच्या वाकवलेल्या खुंट्या जमिनीत पूर्ण ठोकतो. विटा ठेवू नका, पातं विटेला लागलं तर तुकडे उडतात. आणि फ्लेक्स सैल ठेवलात तर चक्राचा वारा त्याला उचलून थेट पात्यांत घालतो. साहेबांचा चेहरा अर्धा फाटलाय तो त्यामुळेच.

संक्रांतीच्या आसपास रानात मांजा बघा. आमच्या जिल्ह्यात, येवल्याकडे तर विचारू नका, आठवडाभर पतंग असतात आणि तुटलेला मांजा धसकटांत अडकून राहतो. माझ्या शेपटीच्या शाफ्टवर हातभर मांजा गुंडाळला गेला होता. सोडवायला ब्लेड आणि एक तास लागला. मार्चनंतर टिटवी अंडी घालते, तीही नांगरलेल्या उघड्या जमिनीवर. ती डोक्यावर येऊन ओरडायला लागली की आपणच शंभर पावलं सरकायचं.

सगळ्यात मोठा धोका मात्र पोरं. आवाज ऐकला की वस्तीवरून धावत येतात, आणि ती सरळ हेलीकडेच धावतात. एक माणूस फक्त त्यांच्यासाठी हवा. ४५० च्या चक्राचा व्यास साधारण ७० सेंटीमीटर; मिनिटाला २५०० फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे असतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका बागेत एकोणीस वर्षांचा एक सराईत मुलगा स्वतःच्याच मोठ्या हेलीचं पातं लागून मेला. छोट्या हेलीपासून सात-आठ पावलं, ४५० पासून पंधरा. उडालेलं हेली कोणाच्याही डोक्यावरून नाही, स्वतःच्याही.

उडवण्याआधी

घरीच, पाती काढून ठेवून, एकदा सगळं बघा. रेडिओ आधी चालू, मग हेलीला बॅटरी. बंद करताना उलट: आधी हेलीची बॅटरी, मग रेडिओ. होल्ड पाडलेलं. उजवी काडी पुढे ढकलली की स्वॉशप्लेट पुढे कलायला हवी, उजवीकडे तर उजवीकडे. आता काड्या सोडून हेली हातात घ्या आणि नाक खाली करा. स्वॉशप्लेट मागे कलून सरळ राहायला बघेल. डावीकडे कलवा, ती उजवीकडे जाईल. मग शेपटी. काडीने नाक उजवीकडे वळवायला सांगा आणि शेपटीची पाती कुठल्या बाजूला वळतात ते लक्षात ठेवा. आता काडी सोडून हेलीचं नाक हाताने झटकन डावीकडे वळवा. पाती त्याच बाजूला वळली तर जायरो बरोबर. उलटी गेली तर तुमचं हेली माझ्या पहिल्या हेलीचा भाऊ आहे. सेटिंगमध्ये जायरोची दिशा उलटवा. एम२ सारख्या हेलीत शेपटीचं पातं वळत नाही, मोटरचा वेग बदलतो, म्हणून तिथे ही तपासणी पुस्तिकेत दिली असेल तशी करा.

पाती लावताना गोल जाड कड पुढे. ऐकायला बावळट वाटतं, पण उलटी पाती लावलेलं हेली मी पाहिलंय. बोल्ट किती कसायचे? हेली आडवं धरा: पाती जागेवर राहिली पाहिजेत आणि हलक्या झटक्याने खाली पडली पाहिजेत. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकटद्रव), एक थेंब. प्लास्टिकला नाही.

पडल्यानंतर शाफ्ट नजरेला सरळ दिसतो म्हणून परत लावू नका. मी कंपनीत ग्रॅनाइटच्या एकदम सपाट सरफेस प्लेटवर लोळवून वाकडेपणा मोजणारी डायल लावतो. ती चैन तुमच्याकडे नसेल, तर टीपॉयची काच घ्या. काचेवर लोळवताना खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर शाफ्ट वाकलाय. वाकलेल्या शाफ्टचं हेली उडतं, पण थरथरतं, आणि थरथर आली की जायरोची मती फिरते. मग माणूस आठवडाभर सेटिंग बदलत बसतो.

पहिला रविवार

पहाटे, वारा उठायच्या आत. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी नऊपर्यंत वेळ मिळतो, त्यानंतर पाला हलायला लागतो. बांधावरच्या गवताकडे बघा. गवत डोलत असेल तर चहा प्या आणि घरी जा.

नाक वाऱ्याकडे, शेपटी तुमच्याकडे. होल्ड काढा, चक्राला पूर्ण वेग घेऊ द्या, घाई नको. पहिल्यांदा सगळे जण जमिनीपासून वीतभर उंचीवर घाबरत रेंगाळतात. तिथेच सगळ्यात वाईट असतं. चक्राचा वारा जमिनीवर आपटून परत येतो आणि हेली ओल्या साबणासारखं सरकतं. चक्राच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत हा त्रास. तेव्हा पिच ठामपणे वाढवा आणि थेट छातीच्या उंचीला न्या. तिथे हवा शांत असते आणि चुकलं तर सावरायला जागा. कलेक्टिव्ह पिचवर अजून एक ध्यानात ठेवा: डावी काडी झटकन तळाला ओढली की पात्यांचा कोन उणे होतो आणि हेली स्वतःलाच जमिनीत ढकलतं. सुरुवातीला रेडिओत खालची पिच उणे दोन-तीन अंशांवर बांधून ठेवा.

स्किडला आडव्या दोन काड्या आणि टोकांना प्लास्टिकचे चेंडू बांधायचा ट्रेनिंग गिअर मिळतो. पहिल्या दहा बॅटऱ्यांना लावा. दिसायला हेली अष्टपाद होतं, पण उतरताना आडवं पडत नाही.

एका बॅटरीनंतर दहा मिनिटं थांबा. हात थरथरतील, तोंडाला कोरड पडेल; माझं वय तेव्हा सेहेचाळीस होतं आणि गुडघे लटपटत होते. तिसऱ्या बॅटरीला माणूस शहाणा होतो आणि चौथीला अतिशहाणा. म्हणून मी पहिले दोन महिने तीनच बॅटऱ्या न्यायचो.

अकराव्या रविवारी माझं एम२ नाक माझ्याकडे करून वीस सेकंद उभं राहिलं. उतरवलं, होल्ड पाडलं, आधी हेलीची बॅटरी काढली, मग रेडिओ बंद केला. शेतकरीदादा बांधावर होतेच. म्हणाले, “आज तोंड इकडं केलं त्यानं.”